अकरावे स्थळ

गेल्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी मी ओटीवर वर्तमानपत्र चाळीत बसलो होतो. इतक्यात सातवीत शिकणारा माझा नातू हातात वहीचे एक पान घेऊन मोठ्या उत्साहाने माझ्यापाशी आला.

"आजोबा, सुट्टीत आपण दोन दिवस मुंबईला जाणार ना? मी सारा कार्यक्रम आखून ठेवला आहे. एकही स्थळ सुटायचे नाही!"

मी चष्मा नीट केला आणि ते पान हाती घेतले. सुवाच्य अक्षरांत एकोणीस स्थळांची नावे लिहिली होती. प्रत्येक नावापुढे वेळही नेमून दिली होती. गेटवे ऑफ इंडिया, पंधरा मिनिटे. वस्तुसंग्रहालय, अर्धा तास. घारापुरीची लेणी, एक तास. राणीची बाग, वीस मिनिटे. वाचता वाचता माझी नजर तळाच्या एका ओळीवर थांबली. तेथे लिहिले होते, 'मरीन ड्राइव्ह, दहा मिनिटे.'

ते पान माझ्या हातात तसेच राहिले. अशीच एक यादी मला आठवली. तीही एका बारा वर्षांच्या मुलाने मोठ्या उत्साहाने केली होती. तो मुलगा म्हणजे मीच.

१९७१ सालची दिवाळी होती. आम्ही वाईस राहत होतो. परळला एका चाळीत माझे मामा राहत. ते गिरणीत कामाला होते. त्यांनी आम्हांला दोन दिवसांसाठी मुंबई पाहायला बोलाविले. वडील, मी आणि माझी आजी असे तिघे निघालो. आजीने साऱ्या आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. कृष्णेचा घाट हेच तिचे तीर्थ आणि सह्याद्रीचे डोंगर हीच तिच्या जगाची भिंत. निघण्यापूर्वी ती मला म्हणाली, "बाळ, मला काही फार पाहायचे नाही. आपल्याकडे सूर्यनारायण डोंगराआड जातो. तो पाण्यात कसा उतरतो, एवढे एकदा पाहायचे आहे."

"दाखवीन की!" मी म्हणालो, आणि माझ्या यादीत अकराव्या क्रमांकावर 'समुद्र' असे लिहून टाकले.

माझ्या यादीत सतरा स्थळे होती. ती ज्या क्रमाने माझ्या कानांवर आली, त्याच क्रमाने मी ती लिहिली होती. कोणते स्थळ कोणत्या भागात आहे, याचा विचार मी केलाच नव्हता. त्यामुळे आमची मोठी गंमत झाली. पण ती गंमत होती, हे आज म्हणायचे. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही परळहून दक्षिणेस फोर्टात गेलो, दुपारी पुन्हा उत्तरेस भायखळ्याच्या राणीच्या बागेत आलो आणि संध्याकाळी परत दक्षिणेस गेटवेवर गेलो. दिवसाचा निम्मा वेळ बसगाड्यांच्या रांगांत उभे राहण्यात गेला. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, भव्य घुमटाकडे आजी मान वर करून पाहू लागली, तेव्हा मी तिचा हात ओढला. "चल आजी, अजून पाच ठिकाणे राहिली आहेत!" ती बिचारी काही न बोलता माझ्यामागून चालू लागली.

गेटवेपाशी समुद्र दिसला. आजीने हात जोडले. पण सूर्य कोठे होता? तो आमच्या पाठीशी, इमारतींच्या मागे कलला होता. गेटवे मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. तेथे समुद्रातून सूर्य उगवताना दिसेल, मावळताना दिसणार नाही. भूगोलाच्या पुस्तकात दिशा पाठ केलेल्या मला हे तेथे उभे राहीपर्यंत सुचले नव्हते!

"उद्या संध्याकाळी नक्की," मी आजीला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मरीन ड्राइव्हवर पोहोचलो. आता नुसता रस्ता ओलांडायचा होता. परंतु त्या रस्त्यावर त्या काळी तारापोरवाला मत्स्यालय होते आणि माझ्या यादीत त्याचा क्रमांक दहावा होता. दहाव्याच्या आधी अकरावे कसे पाहायचे? मी हट्ट धरला. आम्ही आत गेलो. रंगीत मासे पाहताना मी देहभान विसरलो. आजी माझा हात धरून माझ्याबरोबर एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत चालत होती. आम्ही बाहेर आलो, तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. सूर्य केव्हाच मावळला होता. पश्चिमेला थोडा तांबूस रंग तेवढा उरला होता, आणि पाहता पाहता तोही विरून गेला.

आम्ही कट्ट्यावर बसलो. समोर नुसता काळोख आणि लाटांचा आवाज. मी रडकुंडीला आलो होतो. आजीने माझ्या पाठीवरून हात फिरविला आणि म्हणाली, "असू दे रे. दिसला नाही, तरी ऐकू आला ना समुद्र!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही परत निघालो. त्यानंतर मुंबईला येण्याचा योग आजीला पुन्हा आला नाही.

ही सारी हकीकत मी नातवाला सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने आपल्या यादीकडे पाहिले आणि हळूच विचारले, "आजोबा, मग यादी करायचीच नाही का?"

"करायची तर! पण ती नीट करायची," मी म्हणालो. "जा, मुंबईचा नकाशा आणि पेन्सिल घेऊन ये. खोडरबरही आण."

आम्ही दोघे नकाशा पसरून बसलो. प्रथम एकोणीसही स्थळांवर त्याने खुणा केल्या. खुणा करता करता तो स्वतःच म्हणाला, "अरेच्चा! गेटवे आणि वस्तुसंग्रहालय तर पायी जाण्याइतकी जवळ आहेत. मी एक पहिल्या दिवशी ठेवले होते आणि दुसरे दुसऱ्या दिवशी!" जी स्थळे एकमेकांच्या शेजारी, ती एकाच दिवशी पाहावीत, हा पहिला धडा नकाशानेच त्याला दिला.

नंतर आम्ही वेळेचा हिशेब मांडला. घारापुरीला त्याने एक तास दिला होता. मी म्हटले, "लिही. गेटवेपासून होडीने जायला सुमारे एक तास, यायला एक तास. तिकिटासाठी आणि होडी सुटेपर्यंत थांबायला अर्धा तास. धक्क्यावरून लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत. चढउतार मिळून पाऊण तास धर. आणि ती साडेपाच मीटर उंचीची त्रिमूर्ती, ते कोरीव खांब, शिवाची ती शिल्पे पाहायला निदान दीड तास नको का?" त्याने बेरीज केली. तासाभराचे स्थळ पावणेपाच तासांचे झाले होते. त्याचे डोळे विस्फारले.

"शिवाय तू घारापुरी सोमवारी ठेवली आहेस. सोमवारी लेणी बंद असतात. राणीची बाग बुधवारी बंद असते. पाहुण्याने यजमानाच्या घरी जाण्यापूर्वी तो घरी आहे की नाही, हे विचारावे, तसेच हे." मग आम्ही रविवार-सोमवारऐवजी शनिवार-रविवार हे दिवस ठरविले.

हाजीअलीचे नाव वाचून मला आणखी एक गोष्ट आठवली. हाजीअलीचा दर्गा किनाऱ्यापासून आत, पाण्यात आहे. तेथे जाण्याची वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते. म्हणून तेथे जाणाऱ्याने घड्याळाबरोबर समुद्रालाही वेळ विचारली पाहिजे. कोकणातील दर्यावर्दी लोकांचा एक सोपा आडाखा आहे. पंधरवड्यातील तिथीला पाऊणने गुणले, की भरतीची वेळ साधारणपणे कळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. त्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. नातवाला हे गणित इतके आवडले, की त्याने साऱ्या पंधरवड्याच्या भरतीच्या वेळा वहीच्या कडेला लिहून काढल्या.

"आता सर्वांत महत्त्वाचे काम," मी म्हणालो. "घरातल्या प्रत्येकाला विचारून ये, मुंबईत एकच गोष्ट पाहायला मिळणार असेल, तर कोणती पाहाल?"

तो घरभर फिरून आला. त्याच्या धाकट्या बहिणीला राणीच्या बागेतील पेंग्विन पाहायचे होते. त्याच्या आजीला गावदेवीचे मणिभवन पाहायचे होते. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले म्हणजे तेथे उतरत. त्याच्या आईवडिलांना वस्तुसंग्रहालय पाहायचे होते आणि त्याला स्वतःला घारापुरी.

"आणि तुम्हांला, आजोबा?" त्याने विचारले. मग माझ्या उत्तराची वाट न पाहता तोच म्हणाला, "कळले मला."

त्याने नवे पान घेतले आणि सर्वांत आधी लिहिले, 'शनिवार, संध्याकाळी साडेपाच, मरीन ड्राइव्ह.' नोव्हेंबरात मुंबईस सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. इतर स्थळे मागेपुढे करता येतील, पण सूर्य आपल्यासाठी थांबणार नाही. म्हणून ठरलेल्या वेळेच्या गोष्टी प्रथम लिहाव्यात, हे त्याला न सांगताच उमगले होते. नकाशा पाहून त्याने आणखी एक शोध लावला. गिरगाव चौपाटीच्या पश्चिमेस मलबार टेकडी आडवी येते. मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाला, नरिमन पॉइंटजवळ मात्र समोर मोकळा समुद्र आहे. त्याने त्या टोकाला एक लहानसे वर्तुळ काढले.

एकोणीसांपैकी पाच स्थळे उरली, आणि दोन्ही दिवशी दुपारी एकेक तास कोरा राहिला. "या तासात काय करायचे?" त्याने विचारले. "ते त्या वेळी कळेल," मी म्हणालो.

ठरल्याप्रमाणे आम्ही मुंबईस गेलो. शनिवारी सकाळी नातू, त्याचे आईवडील, बहीण आणि मी घारापुरीस निघालो. त्याच्या आजीचे गुडघे दुखतात. तिने सकाळी दादरला नातलगांकडे विश्रांती घेतली आणि संध्याकाळी ती आम्हांला येऊन मिळाली. सर्वांनी सर्व ठिकाणी गेलेच पाहिजे, असे थोडेच आहे! लेण्यांत नातू त्रिमूर्तीपुढे किती वेळ उभा होता, हे त्याचे त्यालाच कळले नाही. मीही त्याला हाक मारली नाही.

परत येताना मात्र घोटाळा झाला. धक्क्यावर माणसांची झुंबड उडाली होती. होडी मिळायला फार वेळ लागला. गेटवेला पाय ठेवला, तेव्हा घड्याळात सव्वाचार वाजले होते. राखून ठेवलेला कोरा तास केव्हाच संपला होता. सर्वांना भूक लागली होती. जेवण करून वस्तुसंग्रहालयात गेलो, तर सूर्यास्त चुकणार. सूर्यास्त गाठायचा, तर वस्तुसंग्रहालय सुटणार. त्याचे वडील म्हणाले, "धावतपळत अर्ध्या तासात पाहून घेऊ या का?"

नातवाने खिशातून पान काढले. क्षणभर तो त्याकडे पाहत राहिला. मग पेन्सिलीने 'वस्तुसंग्रहालय' या शब्दावर त्याने रेघ ओढली आणि पुढे लिहिले, 'पुढच्या वेळी, पूर्ण अर्धा दिवस.' "बाबा, चालेल ना? तुमचे आणि आईचे स्थळ राहिले," तो जरा ओशाळून म्हणाला. त्याच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

साडेपाचाच्या आत आम्ही मरीन ड्राइव्हच्या टोकाशी कट्ट्यावर बसलो होतो. माझी पत्नी आधीच येऊन पोहोचली होती. समोर अफाट पाणी. सूर्य हळूहळू खाली येत होता. तो क्षितिजाला टेकला, तेव्हा कोणीच काही बोलले नाही. नंतर तो अर्धा उरला, मग कंकणाएवढा आणि मग ठिणगीएवढा. शेवटी पाण्यावर नुसती सोनेरी वाट राहिली.

"आजोबा, तुमच्या आजीला आवडले असते ना?" नातवाने विचारले.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी नुसती मान हलविली.

दिवे लागले, तरी आम्ही उठलो नाही. उठण्याची घाई नव्हती; त्या दिवशीच्या पानावर पुढे काहीच लिहिलेले नव्हते. काळोखात लाटांचा आवाज येत राहिला. चौपन्न वर्षांपूर्वी येत होता, तसाच.