आधी अस्तर भिजवा

गोधडीवर मी लिहावे याचे तुम्हाला नवल वाटेल. मी शेतीचा पदवीधर, पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी. बियाणे, खते, किडी यांवर गावोगाव बोलण्यात माझी उमर गेली. सुईदोऱ्याशी संबंध काय तो तुटलेले बटण लावण्यापुरता. पण मागच्या हिवाळ्यात आमच्या घरी एका गोधडीचा घोळ झाला आणि तो माझ्यामुळे झाला. तो सांगितला तर तुमच्या घरची एखादी गोधडी वाचेल.

आईचे वय ब्याऐंशी. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, दुसरा अधू. माझ्या मुलीला दिवस गेल्याचे कळताच आईने ट्रंकेतून तिच्या सासूचे, म्हणजे माझ्या आजीचे, जपून ठेवलेले लुगडे काढले. म्हणाली, "नातीच्या बाळंतपणाला ही गोधडी. माझ्या हातची ही शेवटचीच." वर आजीचे लुगडे, मध्ये जुनी धोतरे आणि सुती पातळे. अस्तराला तेवढे नवे कापड हवे होते. आठवडी बाजारातून मी पाच मीटर मांजरपाट आणला.

"भिजवून वाळवलंस का रं?" आईने विचारले.

रब्बीच्या पेरणीची धांदल होती, घरी यायला रात्र होई. मी सरळ म्हणालो, "हो, भिजवलाय." खोटे बोललो. नुसती इस्त्री फिरवून कापड तिच्यापुढे ठेवले होते.

दीड महिना ती सोप्यात बसून कडेपासून आत आत धावदोरा घालत होती. गोधडी पुरी झाली, धुतली, उन्हात घातली. वाळल्यावर पाहतो तो सात फुटांची गोधडी चांगली चार इंच आखडलेली! वरचे लुगडे जागोजागी फुगलेले आणि कडा द्रोणासारख्या वळलेल्या.

कारण साधे आहे. नव्या सुती कापडाला खळ असते आणि मागावर त्याचे धागे ताणलेले असतात. पहिल्या पाण्यात खळ जाते, ताण सुटतो आणि कापड आटते. शंभर इंचांमागे तीन ते पाच इंच तरी धरून चालावे. जुने लुगडे शेकडो पाण्यांतून गेलेले असते, ते आता आटत नाही. एक आटले, दुसरे तसेच राहिले, म्हणून गोधडी वाकली.

आईने अस्तरावरून हात फिरवला. "ह्ये कापड पाण्याला लागलंच नव्हतं," म्हणाली. मी कबूल झालो. ती इतकेच बोलली, "लोकांस्नी बी तपासून पेरा म्हणतोस, आन् घरात असं?" दर मे महिन्यात मी सभेत सांगतो की, सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, आठवड्याने मोजा, सत्तर उगवले तर बियाणे पेरणीजोगे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

धावदोरा सर्व थरांतून गेलेला, म्हणजे अस्तर बदलायचे तर सगळी गोधडी उसवणे आले. मला आईच्या डोळ्यांची धास्ती होती. पण ती म्हणाली, "उसव." नऊ रात्री मी उसवत होतो. तिने रीत दाखवली ती अशी : अस्तराच्या बाजूने दर चौथा-पाचवा टाका कात्रीच्या टोकाने कापावा आणि वरच्या बाजूने दोरा अलगद ओढून घ्यावा. थर ओढून वेगळे करू नयेत, जुने लुगडे लगेच फाटते.

त्या नऊ रात्रींत तिने आणखी जे सांगितले, ते लिहून ठेवले आहे.

अस्तर गोधडीपेक्षा चारही बाजूंनी तीन इंच मोठे धरा. सात बाय पाच फुटांच्या गोधडीला छत्तीस इंच पन्ह्याचे पाच मीटर कापड आटूनही पुरते. दोन लांबा जोडताना काठाची घट्ट किनार कापून टाका. ती बाकीच्या कापडासारखी ताणत नाही, जोड आवळतो. रंगीत कापड असेल तर ओला पांढरा फडका त्यावर घासून पाहा. रंग लागला, तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. सुती गोधडीला नायलॉनचे अस्तर लावू नका. ते सरकते आणि घाम शोषत नाही.

अस्तर जमिनीवर ताठ पसरा, कडांवर वजने ठेवा, मगच थर घाला. थोडे टाके झाले की गोधडी उलटून पाहा. खाली चुणी सापडली, तर सगळे उसवू नका. चुणीभोवतीचे टाके तेवढे काढा आणि जादा कापड हाताने न शिवलेल्या बाजूकडे सरकवा. अस्तर एका बाजूला कमी पडले, तर ओढाताण न करता त्याच कापडाची पट्टी जोडा. ओढलेले कापड पहिल्या धुण्यातच मागे येते.

मी तो मांजरपाट पुन्हा भिजवला, वाळवला, आटून कमी पडला तिथे पट्टी जोडली. आई परत टाके घालू लागली. सुईत दोरा ओवायचे काम माझे. गोधडी पुरी होण्याआधीच पणती जन्मली. बाळंतिणीला सव्वा महिना होत आला तेव्हा मधल्या तीन ओळी राहिल्या होत्या. त्या दिवशी आईला टाका दिसेना. तिने सुई माझ्या हातात दिली.

माझे टाके वाकडे आले. उसवून परत घालू का, विचारले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. कापड भिजलंय न्हवं?"

तेव्हा मंडळी, घरी नवे कापड आले की आधी बादलीत टाका. आणि घरात म्हातारे माणूस काही विचारील, तर खरे ते सांगा.