पडीक

सरकारी नोकरीत शब्दांना फार जपावे लागते. ‘आवश्यक’ आणि ‘इष्ट’ यांतील अंतर ओळखण्यातच आमची बारा वर्षे खर्ची पडली. परंतु अलीकडे एका शब्दाने आमची झोप उडविली आहे. तो शब्द ‘पडीक’.

त्याचे असे झाले. रांचीस बदली झाल्यावर नाताळच्या सुटीत आम्ही सहकुटुंब नेतरहाटचा सूर्योदय पाहावयास गेलो आणि तेथून घाट उतरून महुआडांडच्या खोऱ्यात आलो. १९७६ साली खास लांडग्यांसाठी राखलेले अभयारण्य ते हेच. क्षेत्रफळ सुमारे ६३ चौरस किलोमीटर. हिवाळा हा लांडग्यांच्या विणीचा काळ, तेव्हा आम्हांस त्यांचे दर्शन घडले नाही यात नवल नाही.

“वाघांसाठी अभयारण्य समजते, पण लांडग्यांसाठी?” सौभाग्यवतींनी विचारले.

प्रश्न एकट्या त्यांचा नव्हता. आपल्या भाषेनेही या प्राण्यास ‘लांडगेतोड’ या शब्दापलीकडे फारसे काही दिलेले नाही. कायदा मात्र भेद करीत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत वाघ आहे आणि लांडगाही आहे. २०२२ च्या गणनेत वाघ ३,६८२ भरले. भारतीय लांडगे त्यांहूनही थोडे, तीन हजारांच्या आसपास आहेत!

वाघाला निदान जंगल आहे. लांडगा बहुतांशी माळावरचा, अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा रहिवासी; आणि माळाची नोंद सरकारी नकाशांत बहुधा ‘पडीक’ अशी होते. पडीक म्हटले की तेथे कारखाना शोभतो, झाडे शोभतात, सौरऊर्जेच्या तावदानांच्या रांगा शोभतात. शोभत नाही ते केवळ गवत. उरल्यासुरल्या माळावर मोकाट कुत्री रोग घेऊन येतात. मेंढी गेली आणि भरपाई वेळेवर आली नाही की कोणी विष घालतो, कोणी गुहेचे तोंड बुजवितो. २०२४ साली बहराइचकडे लांडग्यांनी लेकरे नेली, त्या मातांचे दुःख आम्ही लहान मानीत नाही. पण तेवढ्यावरून साऱ्या जातीला फाशी द्यावी काय?

परतीच्या गाडीत आम्हांस सोलापूरकडील आमच्या गावचा माळ आठवला. तिन्हीसांजेला उंचवट्यावर एक करडी आकृती उभी राही. मेंढी गमावलेला धनगर आजोबांना म्हणाला होता, “मालक, माळ त्याचाबी हाय.” आणि त्यापाठोपाठ आठवले ते यापूर्वीच्या नेमणुकीतील आमचेच एक टिपण: ‘सदर जमीन पडीक असून कोणत्याही उपयोगाची नाही.’ ती जमीन आम्ही पाहिलीही नव्हती. मागील फाईलीतून वाक्य उचलले होते, आणि साहेबांनी भाषेची तारीफ केली होती!

गेल्या आठवड्यात तोच शब्द पुन्हा टेबलावर आला. या खेपेस आम्ही खाली लिहिले, ‘प्रत्यक्ष पाहणी झाली आहे काय? जमिनीवर गवत व वन्यप्राणी आहेत किंवा कसे, ते कळावे.’ फाईल काल परत आली. साहेबांचा शेरा आहे, ‘चर्चा करावी.’

आम्ही चर्चेची तयारी करीत आहोत.