पांढरा खडा

दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, नजर ६/६ आली, तरी परातीतल्या आंबेमोहोरातला पांढरा खडा मला पूर्वीसारखा पटकन सापडेना. काळा खडा लगेच दिसे. डोळे स्वच्छ, मग अडतंय कुठे? सदुसष्टाव्या वर्षी मी या प्रश्नाच्या मागे लागले आणि मिळेल ते वाचत गेले.

अ‍ॅन ट्रीझमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० साली मांडलं होतं, की केवळ रंगानं वेगळी असलेली वस्तू आपोआप नजरेत भरते. रंग, आकार अशा खुणा जुळवून शोधायची असेल, तर लक्ष एकेका जागी न्यावं लागतं. वयानं पहिलं काम फारसं बिघडत नाही, दुसरं मात्र संथ होतं. पांढऱ्या दाण्यांतला पांढरा खडा मला का छळतो, ते इथे उलगडलं.

अ‍ॅडम गझाली आणि सहकाऱ्यांचा २००५ सालचा प्रयोग मला फार जवळचा वाटला. चेहरे आणि निसर्गदृश्यं आलटूनपालटून दाखवायची. एक लक्षात ठेवायचं, दुसऱ्याकडे दुर्लक्ष करायचं. हव्या चित्रांकडे लक्ष देताना वयस्कांचा मेंदू तरुणांइतकाच सरसावला. नको असलेली चित्रं दाबून टाकणं मात्र त्याला जमेना. माझी आई तांदूळ निवडायला बसली की रेडिओ बंद करायला लावायची. घरात सगळे तिला किरकिरी म्हणत. तिचं लक्ष कमी झालं नव्हतं हो, नको ते बाहेर ठेवणं जड झालं होतं!

मेंदूच्या आत काय बदलतं, तेही वाचलं. त्यातल्या एकत्र काम करणाऱ्या भागांची जाळी तरुणपणी आपापली कामं बरीच वेगवेगळी सांभाळतात. वय वाढतं तशी ती एकमेकांत मिसळू लागतात. स्वतःच्या विचारांत रमताना जागं असणारं जाळं बाहेर पाहताना शांत व्हायला हवं. तेही तितकं शांत होत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूचा, पाहण्याचा भाग थोडा मंदावतो आणि कपाळामागचा भाग जास्त राबतो. बऱ्याच संशोधकांना यात मेंदूची भरपाईची धडपड दिसते. मलाही तसंच वाटतं.

तांदळाला वेळ देता येतो. रस्त्यावर तो मिळत नाही. कडेनं येणारी दुचाकी, फलक, हॉर्न, सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून ओलांडताना मी नातवाला बोलू देत नाही. आमच्या चौकात पादचाऱ्यांचा सिग्नल जास्त वेळ ठेवावा, असा अर्जही दिलाय. त्यात ‘दृष्टी अधू’ असं कारण घातलेलं नाही. पाहून ठरवायला आम्हाला जास्त वेळ लागतो, असं लिहिलंय.