चिठ्ठीपलीकडचा उपचार

मनोविकारशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आम्ही तीन वर्षे निदान शिकवितो, औषधे शिकवितो, रुग्णाचे ऐकून घेण्याची सवय लावतो. मात्र कारभार हा विषय पुष्कळदा राहूनच जातो. १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात यांच्यापैकीच एखाद्यावर परिचारिका, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक अशा चमूची जबाबदारी येते. क्लोझापीन घेणाऱ्याची रक्ततपासणी ठरल्या दिवशी व्हावी लागते. औषधांचा साठा संपला, तर सावरलेला माणूस पुन्हा आजारी पडू शकतो. मग मागणीपत्र वेळेवर धाडणे हाही उपचारच नव्हे काय?

उपचार आणि कारभार वेगळे काढता येत नाहीत, हे ग्वाल्हेरकरांस नवे नाही. येथील मानसिक आरोग्यशाळेवर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने देखरेख ठेवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले. आग्रा आणि रांची येथील रुग्णालयेही त्यात होती. या देखरेखीत औषधांबरोबर अन्न, पाणी आणि स्वच्छताही आली.

म्हणून आम्ही वॉर्डाची साप्ताहिक बैठक महिनाभर एकेका विद्यार्थ्याकडे सोपवितो. नियम एकच : आधी आया व परिचारिका बोलतील, डॉक्टर शेवटी. एकदा एका बाईंना घरी सोडण्याचे ठरतच होते, तोच रात्रपाळीची आया हळूच म्हणाली, "त्या चार रात्री झोपलेल्या नाहीत." बैठक चालविणाऱ्या तरुणाने कागद बाजूला ठेवला आणि तिला पुढे बोलू दिले. बाईंचे घरी जाणे लांबले. नेतृत्वाचा पहिला धडा आम्हांला याहून वेगळा शिकवता आला नसता.