नेम चुकला, दोष कुणाचा?

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत रायफलींविषयीचा लेख पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. ज्या प्रांगणात दिवसाचा आरंभ त्रिशरण-पंचशीलाने होतो, तेथे काडतुसांची चर्चा कशासाठी? काही वर्षांपूर्वी पालकसभेत एका माउलीने हाच प्रश्न मला सरळ विचारला होता. "भाऊ, सकाळी पंचशील म्हणायचं अन् दुपारी बंदूक धरायची, हे पोरांना कसं जमायचं?" प्रश्न रास्त होता. तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्रांच्या व्यापाराचा उल्लेख आहे. तेव्हा हा प्रश्न टाळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. मात्र त्याचे उत्तर देण्याआधी त्या वस्तूची नीट ओळख करून घ्यावी लागेल.

१९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेने, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातील एनसीसीने, आमच्या पिढीच्या हाती पहिली रायफल दिली. ती 'पॉइंट टू टू'ची होती. तिच्या गोळीचा व्यास पाऊण सेंटिमीटरहूनही कमी, वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी एक टोपी असते व पिन तिच्यावर आदळते. या लहान काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेला असतो. पिन त्या कडेला चिरडते आणि गोळी सुटते. म्हणूनच याला रिमफायर म्हणतात. हे काडतूस त्याच्या आजच्या रूपात १८८७ पासून प्रचलित आहे. आवाज थोडा, धक्का नाममात्र. परंतु ते खेळणे नव्हे. ही गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे मागे मातीचा भक्कम बांध असल्याशिवाय फायरिंग होत नाही आणि रायफली शाळेत न राहता बटालियनच्या कोतात कुलुपात राहतात.

आमच्या वेळची जुनी रायफल म्हणजे मूळची लष्करी ली-एनफील्ड. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी वापरलेल्या रायफलीचीच ही सरावासाठी बदललेली आवृत्ती. बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, हाताने एकच काडतूस आत ठेवायचे, बोल्ट पुढे ढकलून खाली दाबायचा. खाली मॅगझिनची पेटी दिसे. पण तिच्यातील स्प्रिंग काढून टाकलेली असे व रिकामी काडतुसे तीत पडत. वजन सुमारे चार किलो आणि दस्ता मोठ्या माणसाच्या मापाचा. वसतिगृहातील तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा गाल त्या दस्त्यावर जेमतेम टेके. ट्रिगर दोन टप्प्यांचा आणि जड. तो दाबता दाबता बोट थरथरे आणि बोटाबरोबर नळीही हले. नेम घेताना मागची खाच, पुढची माशी आणि दूरचे लक्ष्य अशा तीन गोष्टी एकाच डोळ्याने एका रेषेत आणायच्या; डोळा मात्र एका वेळी एकच गोष्ट स्पष्ट पाहू शकतो. त्यात नळीला टोकापर्यंत लाकडाचे कवच. पावसाळ्यात लाकूड फुगले की ते नळीवर दाब देई आणि उन्हाळ्यात बसवलेला नेम आषाढात सरके.

त्यानंतर आलेली भारतीय बनावटीची 'डीलक्स' रायफल मुळातच या लहान काडतुसासाठी घडवलेली आहे. तिचे वजन पावणेतीन किलोच्या आसपास असल्याने मुलांना ती पेलते. स्पर्धेतील आधुनिक रायफल मात्र वेगळ्याच कुळातील. पुढे एका रायफल क्लबात मी जर्मनीतील उल्म येथील आन्शुट्झ कंपनीची रायफल प्रथम हाती घेतली, तेव्हा जुन्या-नव्यातील खरा भेद ध्यानात आला. तिची गालपट्टी वर-खाली होते, दस्ता लांब-आखूड होतो, ट्रिगर किती ग्रॅम दाबावर सुटावा हे ठरवता येते. नळी मोकळी असते. लाकूड वा धातू तिला स्पर्श करीत नाही. मागे बारीक छिद्र आणि पुढे कडी असल्याने डोळ्यावरचा भार हलका होतो. ट्रिगर सुटणे व पिन आदळणे यांतील क्षण जुन्या रायफलीत मोठा, नव्यात अत्यल्प. पन्नास मीटरच्या ऑलिंपिक लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. रायफल पकडीत घट्ट बसवून तिला मानवणाऱ्या काडतुसांनी झाडली, तर गोळ्या तेवढ्याच जागेत एकमेकींना चिकटून पडतात.

थोडक्यात सांगायचे तर जुन्या रायफलीशी माणसाला जुळवून घ्यावे लागे. नवी रायफल माणसाशी जुळवून घेते. मला या तुलनेतून जे सांगावयाचे आहे, ते याच्या पुढचे आहे. गोळी बाजूला गेली तर दोष कुणाचा, हे जुनी रायफल सांगत नाही. बोट जड पडले, लाकूड फुगले की नळीच खराब होती, हे कळायला मार्ग नसतो. नवी रायफल मात्र स्पष्ट उत्तर देते. कारण तिच्यात रायफलीचा वाटा फार थोडा उरलेला असतो.

हा भेद केवळ यंत्राचा नाही, हे मी दोन मुलांच्या निमित्ताने पाहिले. माझा एक वर्गमित्र शिबिरात पंचवीस यार्डांवरून पाच गोळ्या झाडत असे आणि त्याच्या गोळ्या कागदभर विखुरत. "याचा हात स्थिर नाही," असा शेरा पडला व संघातून त्याचे नाव गेले. त्याला दुसरी रायफल देऊन पाहावे असे कुणाला सुचले नाही. तो पुन्हा फायरिंगला आला नाही. पुढे कित्येक वर्षांनी आपल्याच शाळेच्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत तसेच घडू लागले होते. तोच शेरा लिहिला जाणार, इतक्यात एका समजूतदार प्रशिक्षकाने तिच्या हाती शेजारची रायफल दिली. पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जाव्यात इतक्या जवळ पडल्या. आर्मररने पहिली रायफल तपासली, तेव्हा नळीचे तोंड एका बाजूने झिजलेले आढळले. चिंदी लावून फुलथ्रूची दोरी वर्षानुवर्षे तिरकी ओढली गेली, तिच्या घर्षणाने ती कड गेली होती. रिमफायरच्या मऊ शिशाच्या गोळीने नळी सहसा झिजत नाही. ती बिघडते गंजाने आणि निष्काळजी निगराणीने.

'याचा हात स्थिर नाही' हा शेरा आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. ज्या महार सैनिकांनी ब्रिटिश लष्करात पराक्रम गाजवला, ज्या लष्करात बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार झाले, त्याच लष्कराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढवय्या जातीं'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली. हातातून साधन काढून घ्यायचे आणि मग हातालाच अपात्र ठरवायचे, ही ती रीत. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. वर्गातही हेच घडत आले. पुस्तक नाही, दिवा नाही, पोटात अन्न नाही, घरची भाषा पुस्तकात नाही. आणि मूल नापास झाले की ते 'मुळातच मंद'. नळी तपासण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येतो. मी त्यांना म्हणालो, "ताई, धम्मात चेतनेला, म्हणजे मनातल्या हेतूला, कर्म म्हटलं आहे. तुमचा मुलगा कागदावर नेम धरतो, तेव्हा त्याच्या मनात कुणाविषयी वैर असतं का? त्याचं लक्ष स्वतःच्या श्वासावर असतं." श्वास अर्धा सोडून थांबणे, त्या स्थिर क्षणी बोट हलके आवळणे, गोळी सुटल्यावरही नजर न हलवणे, याला आनापानसती म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, पण आपल्या सकाळच्या ध्यानवर्गाला नियमित बसणारी मुले फायरिंगला लवकर स्थिरावतात, हे मी पाहिले आहे. यावर त्या म्हणाल्या, "हेतू चांगला असला तरी बंदूक ती बंदूकच की हो, भाऊ." त्याही चुकीचे बोलल्या नाहीत. म्हणून फायरिंग ऐच्छिक असावे आणि ज्या पालकांचे मन घेत नाही त्यांच्या मुलाला एका शब्दानेही कमी लेखू नये, असे मी तेव्हा शाळेला सुचवले आणि आजही माझे मत तेच आहे.

काही माजी विद्यार्थ्यांच्या मनात शाळेला एखादी परदेशी स्पर्धा-रायफल भेट द्यावी असे आहे. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून ही चर्चा वाढली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील खेड्याचा मुलगा तेथवर जातो, तर आपला का नाही, ही भावना मी समजू शकतो. परंतु पॉइंट टू टूसाठी परवाना लागतो, तिची किंमत मोठी, काडतुसे महाग, आणि एक रायफल एकाच मुलाच्या मापाने बसवता येते. उरलेल्यांनी ती कपाटात पाहायची.

त्यापेक्षा माझी सूचना साधी आहे. जुन्याच रायफलींची निगा राखायला मुलांना शिकवावे. फुलथ्रू सरळ ओढावा, पावसाळ्यानंतर नेम पुन्हा बसवून घ्यावा. आणि शाळेने एक नियम करावा: कोणत्याही मुलाच्या नावापुढे प्रतिकूल शेरा लिहिण्याआधी त्याच्या हाती एकदा दुसरी रायफल द्यावी. हा नियम मैदानापुरता नसावा. गणितात अडलेल्या मुलीला एकदा दुसऱ्या शिक्षकांकडे बसवून पाहावे. फळा न वाचणाऱ्या मुलाचे डोळे आधी तपासावेत. गप्प राहणाऱ्याला त्याच्या घरच्या बोलीत एकदा विचारावे. देणगी द्यायचीच असेल तर ती चष्म्यांना, पुस्तकांना आणि रात्रीच्या अभ्यासवर्गाला द्यावी.

माझा तो वर्गमित्र आज एका कारखान्यात यंत्रांची अचूक मापे घेण्याचे काम करतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक त्याच्या हातून सुटत नाही. त्याचा हात तेव्हाही स्थिरच होता.