व्हीटीची फरशी

२६ नोव्हेंबर जवळ आला की टीव्हीवर ताजचा घुमट आणि त्यातून निघणारा धूर पुन्हा दिसू लागतो. तिथे, ओबेरॉय-ट्रायडंटमध्ये, नरिमन हाउसमध्ये जे झालं ते विसरण्यासारखं नाहीच. पण आम्हा डोंबिवलीकरांची ती रात्र तिथली नव्हती. आमची रात्र व्हीटीची. स्टेशनचं नाव दोनदा बदललं, तरी मानपाडा रोडवरून वर्षानुवर्षं पास खिशात घालून निघालेली माझ्या वडिलांची पिढी अजून व्हीटीच म्हणते.

२००८ सालच्या दहशतवादी हल्ल्याचा तो बुधवार. बाबा फोर्टात हिशेबनीस होते आणि महिनाअखेर असल्यामुळे उशिरा निघायचे. टीव्हीवर आधी कुलाब्यात टोळीयुद्ध झाल्याची बातमी आली. मग पट्टीत ‘सीएसटी’, म्हणजे आमचं व्हीटी, ही अक्षरं दिसली आणि आई उभी राहिली. बाबांचा मोबाइल लागेना. शेवटी आईने टीव्हीचा आवाज बंद करून टाकला. जिन्यात पावलं वाजली तर ऐकू यायला हवीत, म्हणून. आम्ही नुसती चित्रं बघत बसलो. खाली गेटपाशी तळमजल्यावरच्या वहिनी शाल लपेटून उभ्या होत्या. त्यांचेही यजमान यायचे होते.

बाबा आले ते शेअर रिक्षातून, हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन. त्यांची गाडी गोळीबाराच्या थोडीच आधी सुटली होती. ठाण्याच्या पुढे डब्यात कुणाकुणाचे फोन वाजायला लागले, तेव्हा काहीतरी झालंय एवढं त्यांना कळलं. चपलाही न काढता ते टीव्हीसमोर उभे राहिले. पडद्यावर रक्ताने माखलेली फरशी होती, तिच्यावर विखुरलेल्या बॅगा आणि बोचकी. “ही मेलवाल्यांची बाजू,” ते म्हणाले. “इथं लोक जेवत बसलेले असतात गं.”

ते खरंच होतं. लांब पल्ल्याच्या गाडीसाठी दोन-तीन तास आधी येऊन, वर्तमानपत्र अंथरून, पोरं मांडीवर घेऊन बसणारी माणसं ती. रात्री दहाला थोडी मिनिटं कमी असताना दोन दहशतवादी एके-४७ आणि हातबॉम्ब घेऊन त्यांच्यात शिरले. त्या तीन दिवसांत गेलेल्या १६६ जणांपैकी ५० हून अधिक माणसं या एका स्टेशनात गेली. इतके बळी दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी गेले नाहीत. त्यांत हिंदू होते तसे मुसलमान होते, मुंबईचे होते तसे उत्तरेकडच्या गावी निघालेले होते. वडील आणि भावाबरोबर पुण्याला निघालेली नऊ वर्षांची देविका रोटावन पायात गोळी लागूनही वाचली आणि पुढे कोर्टात उभं राहून तिने त्या दोघांतल्या कसाबला ओळखलं. बाकीच्या बहुतेकांची नावं मात्र कुणाच्याच ओठांवर नाहीत. मला सलतं ते हेच.

मेलच्या बाजूला गोळीबार चालू झाला तेव्हा लोकलमधून उतरलेले लोक त्याच दिशेने चालले असते. उद्घोषक विष्णू झेंडे वरच्या केबिनमधून हे पाहत होते. त्यांनी माईक सोडला नाही. पुढच्या बाजूला येऊ नका, मागून बाहेर पडा, असं ते मराठीत आणि हिंदीत पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मारेकऱ्यांनी त्यांच्या केबिनवरही गोळ्या झाडल्या. किती जण त्या आवाजामुळे घरी पोचले याची मोजदाद कुणी करू शकणार नाही. बाबा पूर्वी ‘गाडी उशिराने धावत आहे’ हे ऐकून त्या आवाजावर चिडायचे. त्या रात्रीनंतर मी त्यांना चिडताना पाहिलं नाही.

स्टेशनातून ते दोघे कामा हॉस्पिटलकडे गेले. तिथे परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या २० गरोदर बायकांना आडोशाच्या खोलीत नेऊन वाचवलं. बाहेरच्या गल्लीत पोलीस अधिकारी करकरे, कामटे, साळसकर गोळ्यांना बळी पडले. आणि गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. कसाब जिवंत हाती लागला तो त्यामुळे. ओंबळे साताऱ्याकडच्या केडंबे गावचे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

ओंबळ्यांची एक आठवण आमच्या भागातही आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या, उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला अभ्यासकांनी २०२१ मध्ये ‘आयसियस तुकारामी’ असं नाव दिलं. हे वाचल्यापासून मी गॅलरीतले कोळी झटकत नाही. परवाच ग्रिलवर एक होता, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याची जात मला सांगता येणार नाही, पण ते उडी मारणारं कूळ ओळखू येतं. भक्ष्यासाठी हे कोळी जाळं विणत नाहीत. समोरचे दोन मोठे डोळे रोखून अंतर जोखतात, मागे एक धागा चिकटवतात आणि थेट झेप घेतात. ज्या कुणी हे नाव सुचवलं त्याने ओंबळ्यांना नेमकं ओळखलं होतं. पुतळ्यावर वर्षातून एकदा हार चढतो. हे नाव मात्र जीवशास्त्राच्या पुस्तकात कायमचं गेलं.

स्टेशनात मेलेल्यांना कोण कायमचं कुठे नेऊन ठेवणार? त्यांची यादी सरकारदरबारी आहेच. २६ नोव्हेंबरच्या रात्री, त्याच वेळेला, व्हीटीपासून कल्याणपर्यंतच्या प्रत्येक स्टेशनवर त्यांतलं एकेक नाव उद्घोषकाने वाचावं. दोन-तीन मिनिटं लागतील. गाड्या थांबवायची गरज नाही. ज्या माईकवरून त्या रात्री माणसं वाचवली गेली, त्याच माईकवरून न वाचलेल्यांची नावं एकदा आमच्या कानांवर पडू देत. मध्य रेल्वेने एवढं करावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.