हिल्सडेनचे फुललेले बांध

इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यात हिल्सडेन नावाचे एक लहानसे खेडे आहे. मुंबईच्या राजाबाई टॉवरचा आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट जवळच्याच गॉकॉट गावी जन्मले आणि हिल्सडेनच्या जुन्या चर्चचा जीर्णोद्धारही त्यांनीच केला. मुलांकडे इंग्लंडला जाणाऱ्या ज्येष्ठांनी चर्च अवश्य पाहावे. पण त्याहून अधिक वेळ भोवतालच्या शेतांना द्यावा, असे मला वाटते.

येथील सुमारे ९०० हेक्टरांच्या एका शेतावर रिचर्ड पायवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षे एक प्रयोग केला. काही भागांत कडेची ३ टक्के, तर काही भागांत ८ टक्के जमीन पिकाखालून काढून तेथे रानफुले, गवत आणि पाखरांसाठी दाण्याची रोपे वाढू दिली. बांधाच्या वीतभर जमिनीसाठी भावाभावांत कोर्टकचेऱ्या पाहिलेल्या आपल्या मनाला हे उधळपट्टीचेच वाटेल. तितके धान्य कमी झाले, तर खाणाऱ्यांनी काय करावे, ही शंकाही रास्तच.

मात्र मुळात शेताची कड दुबळी असते. न बदललेल्या शेतांत कडेचे उत्पन्न ३८ टक्क्यांपर्यंत कमी भरले होते. ती कड फुलांना दिल्यावर आतल्या पिकाचे उत्पन्न वाढत गेले आणि वर्षागणिक हा लाभ अधिक ठळक झाला. जमीन घटूनही एकूण उत्पन्न घटले नाही. काही पिकांचे तर वाढले. बाकल्याला याचा विशेष फायदा झाला. त्याच्या पांढऱ्या, काळ्या ठिपक्यांच्या फुलांतून केसाळ भुंगे परागकण वाहून नेतात, आणि पिकाचा बहर ओसरल्यावर त्यांना बांधावरची फुले पोसतात. गवतात दडलेले भक्षक कीटक माव्याचा फडशा पाडतात, हा आणखी एक उपकार.

आपल्याकडे तुरीच्या पिवळ्या फुलांवरही मधमाश्या येतातच. दात अधू झाल्यावर ज्या मऊ वरणावर आपली प्रथिनांची भिस्त असते, ते तुरीचेच.

बाकला मे-जूनमध्ये फुलतो. त्याचा गोड गंध दुरूनही येतो. इंग्लंडमध्ये शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पाऊलवाटांवर कोणीही चालू शकतो. मात्र इथली माती चिकण असल्याने पावसानंतर पाय घसरतो, आणि कुंपणावरच्या लाकडी पायऱ्या गुडघेदुखी असणाऱ्यांना जड जातात. काठी आणि सोबत दोन्ही असावीत. परागकणांमुळे ज्यांना शिंका किंवा दम्याचा त्रास होतो, त्यांनी आपले औषध खिशात ठेवूनच निघावे.